रिटोपोलॉजीत मेश बिघडली तर कुठं बघायचं: स्कल्प्टिंग नव्याने शिकणाऱ्यांसाठी

शाळेत असताना मी कराडच्या एका तालमीत वर्षभर जात होतो. कुस्ती पुढं सुटली, पण पैलवानाचा खांदा, जाड मान आणि मोडलेले कान डोळ्यांसमोरून कधी गेले नाहीत. आमच्या कराडशेजारच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. इथल्या पोरांना हे कुणी वेगळं शिकवावं लागत नाही. त्यामुळे ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर शिकायला लागल्यावर पहिलं मोठं काम मनात आलं ते हेच: लाल मातीतला पैलवान घडवायचा आणि धोबीपछाड मारताना हलवायचा.

स्कल्प्ट, म्हणजे कॉम्प्युटरवर मातीसारखं घडवलेलं मॉडेल, तीन आठवड्यांत उभं राहिलं. रिटोपोलॉजीला मात्र दीड महिना लागला, आणि त्यातला बराचसा काळ मी चुकीच्या जागी दुरुस्ती करत होतो. नवी मेश (आकाराची जाळी) फाटलेली दिसली की नव्या मेशलाच ठिगळं लावत बसायचो. दोष असायचा खालच्या स्कल्प्टमध्ये. तुमचा तो वेळ वाचावा म्हणून हा लेख लिहितोय. पायऱ्या दिलेल्या क्रमानेच करा. तिसरी पायरी कंटाळवाणी आहे, तरी ती गाळू नका.

अगदी नवीन असाल तर आधी थोडक्यात. स्कल्प्ट करताना मेशमध्ये लाखो बारीक तुकडे तयार होतात आणि ते कसेही पडलेले असतात. अशी मेश दिसायला छान असते, पण तिचा हात वाकवता येत नाही, तिच्यावर रंगाचा नकाशा नीट बसत नाही आणि कॉम्प्युटरही दमतो. म्हणून त्याच आकारावर कमी तुकड्यांची, चौकोनांची, अंगाच्या वळणाप्रमाणे चालणारी नवी जाळी विणायची. हीच रिटोपोलॉजी. पुढं सारखे येणारे शब्द: व्हर्टेक्स म्हणजे बिंदू, एज म्हणजे दोन बिंदूंमधली कड, फेस म्हणजे कडांनी वेढलेला तुकडा, क्वाड म्हणजे चार कडांचा फेस, आणि लूप म्हणजे एकापुढे एक जाणाऱ्या कडांची माळ.

काय काय लागेल

- ब्लेंडर. फुकट आहे. शक्यतो ३.६ किंवा त्यापुढची आवृत्ती घ्या, कारण रिटोपोलॉजीसाठीचा खास ओव्हरले (दृश्यावर वरून चढणारी मदतीची झलक) तिच्यापासून मिळतो.
- मधलं चाक असलेला साधा माऊस. स्कल्प्टिंगला पेन टॅबलेट हवा, पण बिंदू जागेवर बसवताना मला माऊसच बरा पडतो.
- ८ जीबी रॅम असलेल्या लॅपटॉपवर माझं काम झालं. १६ असेल तर उत्तम.
- ज्या अंगाचं मॉडेल आहे त्याचे पुढून, मागून आणि हात वर केलेले फोटो. हे का लागतात ते सहाव्या पायरीत येईल.
- एक वही. मेश कुठं फाटली, कुठला आकडा टाकला, काय झालं, ते लिहीत चला. आठवणीवर विसंबलात तर तेच आकडे पुन्हा टाकून बघाल.

१. मूळ स्कल्प्ट बाजूला ठेवा

फाइल दुसऱ्या नावाने सेव्ह करा. सेव्ह ॲजच्या खिडकीत नमपॅडवरचं अधिक चिन्ह दाबलं की नावापुढचा आकडा आपोआप वाढतो. मग फाइलच्या आत स्कल्प्टची एक प्रत करा, मूळ वेगळ्या कलेक्शनमध्ये टाका आणि लपवा. रिमेश म्हणजे सॉफ्टवेअरने त्याच आकारावर नवी जाळी काढणं. त्याचं बटण दाबलं की जुनी जाळी जाते. फाइल बंद करून उघडलीत तर अनडू उपयोगाचं नाही.

२. स्केल लावून घ्या

ऑब्जेक्ट मोडमध्ये एन दाबा आणि उजवीकडच्या पट्टीत स्केलचे तीन आकडे बघा. तिन्ही १ नसतील तर कंट्रोल + ए दाबून स्केल लावा (अप्लाय करा).

सोपी गोष्ट आहे, पण हिच्यामुळे होणारे घोटाळे ओळखू येत नाहीत. रिमेशला दिलेलं माप ऑब्जेक्टच्या स्वतःच्या आतल्या मापात मोजलं जातं. पैलवान उंच दिसावा म्हणून तुम्ही त्याला फक्त वरच्या दिशेने ताणलं असेल, तर रिमेशनंतरचे तुकडेही उभे ताणलेले येतात आणि आपण उगाच ब्रशला दोष देतो. आरशासारखी उलट प्रत करण्यासाठी स्केल उणे केलं असेल, तर ते लावल्यानंतर आठव्या पायरीत सांगितलेली नॉर्मलची (फेसचं तोंड कुठल्या दिशेला आहे त्याची) तपासणी लगेच करा.

३. स्कल्प्टचे दोष आधी शोधा

इथं वेळ द्या. एक पूर्ण संध्याकाळ गेली तरी चालेल.

एडिट मोडमध्ये जा आणि व्हर्टेक्स किंवा एज निवडण्याची पद्धत चालू ठेवा. फेसची पद्धत चालू असेल तर पुढची आज्ञा चालत नाही. सिलेक्ट मेनूत सिलेक्ट ऑल बाय ट्रेट, त्यात नॉन मॅनिफोल्ड. जे उजळून निघेल ती दुखरी जागा.

मॅनिफोल्ड शब्दाला घाबरू नका. मातीचा घडा डोळ्यांसमोर आणा. त्याला जाडी आहे, आत आणि बाहेर स्पष्ट आहे, कुठंही गेलात तरी पृष्ठभाग अखंड आहे. असं भांडं प्रत्यक्षात घडवता येतं. मेशमध्ये प्रत्येक कडेला नेमके दोनच फेस चिकटलेले असले की ती घड्यासारखी अखंड समजायची. कडेला एकच फेस असेल तर तिथं भोक आहे. तीन असतील तर आतून एखादी भिंत फुटलेली आहे. सॉफ्टवेअरला तिथं आत कुठलं आणि बाहेर कुठलं हेच कळत नाही आणि ते अडतं.

माझ्या पैलवानात तीन जागा सापडल्या.

पहिली जागा लंगोट. तो मी एका पातळ पडद्यासारखा बनवून अंगाला जोडला होता. त्याला जाडीच नव्हती. रिमेश केलं की तो अर्धा गायब व्हायचा आणि उरलेला चिंध्यांसारखा लोंबायचा. अशा कापडाला आधी सॉलिडिफाय मॉडिफायरने (मॉडिफायर म्हणजे मेशवर वरून चढवलेली क्रिया) जाडी द्या आणि मॉडिफायर लावून टाका, म्हणजे अप्लाय करा. त्याहून चांगलं म्हणजे कापड वेगळंच ऑब्जेक्ट ठेवा आणि त्याची रिटोपोलॉजी स्वतंत्र करा.

दुसरी जागा मनगट. पंजा वेगळा घडवून कंट्रोल + जेने बाकीच्या अंगाला जोडला होता. त्याने दोन्ही वस्तू एका ऑब्जेक्टमध्ये येतात एवढंच. मेश एकमेकींना शिवलेल्या नसतात, पंजाचं उघडं टोक मनगटाच्या आत तसंच राहतं. उघड्या टोकाची कड निवडून एफ दाबून ते बंद करा. दोन बंद आकार एकमेकांत घुसलेले असतील तर पुढच्या पायरीतलं व्हॉक्सेल रिमेश त्यांना एकजीव करतं. उघडे असतील तर खात्री नाही.

तिसरी जागा मानेचा मागचा भाग. तिथं एकावर एक बसलेले दुहेरी बिंदू होते. सगळं निवडा, एम दाबा, बाय डिस्टन्स घ्या. किती बिंदू गेले ते खाली दिसतं. अंतराचा आकडा फार वाढवू नका. मी एकदा वाढवला आणि पापण्या एकमेकींना चिकटल्या.

शेवटी त्याच मेनूतून इंटिरियर फेसेस निवडून बघा. शरीराच्या आत अडकलेल्या भिंती तिथं सापडतात. मात्र सापडलं ते डोळे झाकून पुसू नका. निवडलेलं जवळ जाऊन बघा आणि मगच डिलीट करा.

डोळ्यांची बुबुळं, दात, कडं, ताईत, मुंडासं असल्या वस्तू या टप्प्यावर वेगळ्या करा. त्या अंगासोबत रिमेशमध्ये गेल्या तर बुबुळ पापणीला वितळून बसतं आणि पुन्हा वेगळं करता येत नाही.

४. व्हॉक्सेल रिमेश: आकडा सांभाळून

ब्लेंडरमध्ये ही सोय २०१९ च्या २.८१ आवृत्तीत आली. स्कल्प्ट मोडमध्ये वर रिमेशच्या यादीत व्हॉक्सेल साइझ टाकायची आणि कंट्रोल + आर दाबायचं. सॉफ्टवेअर आकाराला बारीक घनांच्या, म्हणजे व्हॉक्सेलच्या, जाळ्यात बसवतं आणि त्यावरून एकसारख्या चौकोनांची नवी मेश काढतं. तिचे लूप अंगाच्या वळणाने जात नाहीत, म्हणून ही अजून रिटोपोलॉजी नव्हे. पण मेश अखंड होते आणि पुढच्या सगळ्या कामाला पाया मिळतो.

आकडा ठरवताना हा हिशोब ध्यानात ठेवा. समजा अंगाचं एकूण पृष्ठफळ ६ चौरस एकक आहे. व्हॉक्सेल ०.०१ ठेवला तर साधारण ६०,००० फेस येतील. ०.००५ केला तर निम्मा वाटतो, पण फेस चौपट, म्हणजे २,४०,००० होतात. ०.००२५ केला तर साडेनऊ लाखांच्या वर जातात. नवा माणूस ०.०१ वरून एकदम ०.००१ वर उडी मारतो आणि स्क्रीन गोठते. दर वेळी निम्मा करत खाली या आणि लॅपटॉपचा पंखा ऐका.

व्हॉक्सेल मोठा ठेवला तर उलटा त्रास होतो. जी जागा व्हॉक्सेलपेक्षा पातळ आहे ती टिकत नाही. कानाच्या पाळीला भोक पडतं, बोटं बदकाच्या पायासारखी जुळतात. पातळ जागेची जाडी व्हॉक्सेलच्या किमान दोन-तीन पट असावी. बोटं जुळत असतील तर व्हॉक्सेल कमी करण्याआधी बोटांमधलं अंतर वाढवा. बोटं फाकवून घडवलेला हात पुढं बोन (मॉडेल हलवणारी हाडं) लावतानाही सोयीचा पडतो.

रिमेशने काम करायलाच नकार दिला तर तीन गोष्टी बघा. एडिट मोड चालू आहे का? डिनटोपो (घडवतानाच तुकडे आपोआप वाढवणारी सोय) चालू आहे का? मॉडिफायरच्या यादीत मल्टिरेझोल्यूशन बसलाय का? यातलं एकही चालू असेल तर बटण चालत नाही. खालची संदेशपट्टी वाचली तर कारण तिथं लिहिलेलं असतं. तो संदेश पूर्ण वाचायची सवय लावून घ्या.

५. क्वाड्रीफ्लो अडतं तेव्हा

आपोआप रिटोपोलॉजीसाठी ब्लेंडरमध्येच क्वाड्रीफ्लो आहे. ऑब्जेक्ट डेटाच्या हिरव्या त्रिकोणी चिन्हाखाली रिमेशमध्ये क्वाड निवडलं की त्याचं बटण दिसतं. सुरुवातीला त्यात ४,००० फेसचा आकडा भरलेला असतो.

इथं हमखास येणारा संदेश सांगतो की मेश मॅनिफोल्ड हवी आणि तिचे नॉर्मल एकाच दिशेला हवेत. तो आला की आकडे बदलत बसू नका. आकड्यांचा त्याच्याशी संबंध नाही. तिसऱ्या पायरीवर परत जा. सगळं तपासूनही संदेश येत असेल तर प्रतीवर व्हॉक्सेल रिमेश करा आणि त्या रिमेश केलेल्या मेशला क्वाड्रीफ्लो लावा. माझ्या बाबतीत या जोडीने प्रत्येक वेळी मार्ग निघाला.

काम फार वेळ चालत असेल तर तुम्ही लाखो फेसची मेश त्याच्या तोंडी दिली आहे. एस्केप दाबून थांबवा. व्हॉक्सेल मोठा ठेवून हलकी प्रत करा आणि ती द्या. बारीक तपशील क्वाड्रीफ्लोला लागतच नाही. त्याला मोठे आकार आणि वळणं कळली की झालं.

चेहऱ्याच्या दोन बाजू वेगवेगळ्या येत असतील तर सिमेट्रीचा पर्याय चालू करा. पण त्याआधी स्कल्प्ट खरंच सममित आहे का ते बघा. स्कल्प्ट मोडमधल्या सिमेट्राइझने एक बाजू दुसरीवर उतरवता येते.

६. आलेली मेश वाचायला शिका

मेश आली, सगळे चौकोन दिसताहेत, म्हणून बरेच जण इथंच खूश होतात. मीही झालो होतो. मग धोबीपछाडीसाठी हात वर उचलला आणि काख कागद चुरगळल्यासारखी झाली.

त्यावर उपाय मला स्क्रीनवर सापडेना म्हणून मी तालमीत गेलो. संध्याकाळची मेहनत चालू होती. एक पोरगा जोर मारून उठला होता, त्याला हात वर-खाली करायला सांगितलं आणि समोरून बघत उभा राहिलो. वस्ताद कधी शेजारी आले कळलं नाही.

“काय बघतुयास रं एवढं?”

“खांदा बघतोय, वस्ताद. हात वर जाताना कातडी कुठं दुमडते ते.”

“मग म्होरनं काय बघतुयास? मागनं बघ. हात पाठीतनं उचलतुय माणूस.”

मागं गेलो. त्या पोराच्या पाठीवर लाल माती वाळून बसलेली होती. हात वर जाताना खवाट्याचं हाड बाहेरच्या बाजूला सरकत होतं आणि वाळलेल्या मातीला तडे जात होते. तडे काखेच्या मागून निघून खवाट्याला वळसा घालून मणक्याकडे जात होते. माझ्या मेशमध्ये त्या जागी लूप सरळ आडवे गेलेले होते, बांगड्या भरल्यासारखे. मातीने मला लूपचा नकाशाच काढून दाखवला. मी त्या पोराला विचारून फोटो काढले आणि घरी येऊन त्या रेघांवर लूप बसवले.

तुमच्याजवळ तालीम नसेल, पण आरसा असेल. शर्ट काढा, हात वर करा, कुणाला तरी मागून फोटो काढायला सांगा.

मेश वाचताना तीन गोष्टी शोधा.

*पोल.* नेहमीच्या बिंदूला चार कडा येऊन मिळतात. तीन किंवा पाच मिळत असतील तर त्याला पोल म्हणतात. पोल असणं ही चूक नाही. लूपला वळवायचं तर कुठं तरी पोल लागतोच. चूक जागेची असते. कपाळाच्या वर, छातीच्या सपाट भागावर, मांडीच्या मध्यावर पोल असला तर कुणाला दिसत नाही. कोपराच्या घडीत, काखेत किंवा ओठाच्या कोपऱ्यात असला तर वाकताना तिथं टोक येतं. सहा किंवा जास्त कडांचे पोल मात्र काढूनच टाका.

*गोगलगाय.* आपोआप केलेल्या मेशचा हा सगळ्यात लपलेला दोष. दंडाभोवतीच्या एका कडेवर आल्ट धरून क्लिक करा. लूप गोल फिरून जिथून निघाला तिथंच आला तर बरोबर. तो स्क्रूच्या आट्यांसारखा फिरत मनगटापर्यंत उतरला तर समजा की तिथं नवा लूप घालता येणार नाही, काढता येणार नाही आणि हात पिळल्यासारखा वाकेल. दोन्ही दंड, मनगटं, मांड्या, पोटऱ्या आणि मान इथं हे एकदा तपासाच. सापडला तर हाताचा तेवढा पट्टा पुसा आणि दोन्ही टोकांच्या बिंदूंची संख्या सारखी करून ब्रिज एज लूप्सने पुन्हा जोडा.

*चारपेक्षा जास्त कडांचे फेस.* सिलेक्ट मेनूत फेसेस बाय साइड्स आहे, त्यात चारपेक्षा जास्त निवडा. जे सापडतील ते के दाबून चिरा आणि चौकोन करा. एखाददुसरा त्रिकोण तळपायाखाली किंवा केसांत राहिला तर जीव खाऊ नका.

७. हाताने विणताना होणाऱ्या चुका

माझं मत स्पष्ट सांगतो: जे अंग हलणार आहे, निदान त्याचा चेहरा, खांदा आणि जांघ हाताने करा. पाठ आणि मांड्या आपोआप येऊ द्या. पुतळाच करायचा असेल आणि तो हलणार नसेल, तर हाताने विणण्यात आठवडे घालवायचं कारण नाही.

तयारी अशी. नवी मेश सुरू करा, एडिट मोडमध्ये ओव्हरलेच्या यादीतून रिटोपोलॉजी चालू करा म्हणजे नवी जाळी स्कल्प्टखाली बुडत नाही. चुंबकाचं चिन्ह दाबून स्नॅप (बिंदू आपोआप पृष्ठभागाला चिकटणं) चालू करा आणि त्यात फेस प्रोजेक्टचा पर्याय घ्या. मिरर मॉडिफायर लावा, क्लिपिंग चालू ठेवा. त्याच्याखाली श्रिंकरॅप (नवी मेश स्कल्प्टला चिकटवणारा मॉडिफायर) लावा आणि टार्गेटला स्कल्प्ट द्या.

आता नेहमीचे प्रश्न.

बिंदू भलतीकडेच जाऊन चिकटतो: फेस प्रोजेक्टचा स्नॅप तुम्ही ज्या कोनातून बघताय त्यावर चालतो. काखेत काम करताना बिंदू कधी कधी मागच्या बरगडीवर जाऊन बसतो आणि समोरून ते कळतही नाही. स्नॅपच्या यादीत बॅकफेस कलिंग चालू करा, दृश्य वारंवार फिरवा आणि शक्य तितकं त्या जागेला काटकोनात बघून काम करा. बिंदू स्वतःच्याच मेशला चिकटत असेल तर इन्क्लूड ॲक्टिव्ह बंद करा.

मधोमध फट पडते: बहुतेक वेळा नवी मेश मिररच्या मध्यापासून सरकलेली असते किंवा ऑब्जेक्टचं ओरिजिन मधोमध नसतं. एन पट्टीत मधल्या बिंदूंचा एक्स नेमका ० आहे का बघा. मॉडिफायरच्या यादीत मिरर वर आणि श्रिंकरॅप खाली असा क्रम ठेवा. श्रिंकरॅप आधी असेल तर तो मधल्या बिंदूंना पृष्ठभागाकडे खेचतो आणि आरसा जुळण्याआधीच ते रेषेवरून हलतात. मधल्या कडेवरून चुकून ई दाबून आत भिंत तयार झाली असेल तर ती तिसऱ्या पायरीतल्या इंटिरियर फेसेसने सापडेल.

आणि कान. पैलवानाचा मोडलेला कान म्हणजे रिटोपोलॉजीची परीक्षाच. तो साध्या कानासारखा पातळ आणि घड्यांचा नसतो. रगडून रगडून सुजलेला, आत गाठी बसलेला असतो आणि त्याची मागची बाजू डोक्याला टेकते. श्रिंकरॅपची नीअरेस्ट सरफेस पॉइंट पद्धत जवळचा पृष्ठभाग शोधते, आणि कानाच्या मागच्या बाजूला जवळचा पृष्ठभाग बऱ्याचदा डोक्याचा असतो. परिणामी कानाचे बिंदू कवटीला चिकटतात. मी कानाच्या बिंदूंचा वेगळा व्हर्टेक्स ग्रुप केला, श्रिंकरॅपमध्ये तो ग्रुप देऊन उलटा केला, म्हणजे कान सोडून बाकीच्यावरच तो चालला. कानाचे बिंदू स्नॅपने एकेक करून हाताने बसवले. आधी कानाच्या बुडाभोवती एक पूर्ण लूप घातला, मग बाहेरच्या कडेचा लूप, आणि मधली जागा शेवटी भरली. एका कानाला दोन तास लागले. दुसरा कान मिररने दिला, आणि मिरर लावून टाकल्यावर त्याच्या गाठी थोड्या बदलल्या, कारण दोन्ही कान सारखे मोडलेला पैलवान मी पाहिलेला नाही.

८. काळे डाग, चट्टे आणि लुकलुकणारे तुकडे

ओव्हरलेमध्ये फेस ओरिएंटेशन चालू करा. बाहेरून बघताना कुठं लाल दिसलं तर तिथले फेस उलटे आहेत. एडिट मोडमध्ये सगळं निवडून शिफ्ट + एन दाबा. तरी लाल राहिलं तर तिथं मेश अखंड नाही, म्हणजे पुन्हा नॉन मॅनिफोल्डची तपासणी.

नॉर्मल बरोबर असून दृश्य फिरवताना तुकडे लुकलुकत असतील तर एकाच जागी दोन फेस बसलेत. बाय डिस्टन्सने जोडा.

तेही नसेल आणि सावली विचित्र पडत असेल, तर मेश दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून आली आहे का आठवा. तिच्यासोबत जुने कस्टम नॉर्मल येतात. ऑब्जेक्ट डेटामधल्या जॉमेट्री डेटात ते पुसायचं बटण आहे.

९. बोन लावून हात वर करून बघा

रंग, केस, कपडे या कशालाही हात लावायच्या आधी ही चाचणी घ्या. खांदा, दंड आणि कोपर एवढ्यापुरती तीन-चार बोनची साधी आर्मेचर (हाडांचा सांगाडा) पुरे. मेश निवडा, शिफ्ट धरून आर्मेचर निवडा, कंट्रोल + पी, विथ ऑटोमॅटिक वेट्स.

इथं बोन हीट वेटिंगला उत्तर सापडलं नाही असा संदेश आला तर मेशमध्ये दुहेरी बिंदू, एकमेकांत घुसलेले तुकडे किंवा आत अडकलेल्या भिंती शोधा. मॉडेल फार छोटं असलं तरी हा संदेश येतो. मॉडेल आणि आर्मेचर दोन्ही दहापट मोठी करून, स्केल लावून पुन्हा करा.

मग हात ९० अंशांपर्यंत उचला, कोपर पूर्ण दुमडा, मान वळवा. कोपराच्या जागी किमान तीन लूप हवेत: एक नेमका घडीवर, एक वर, एक खाली. दोनच असतील तर कोपर पाइपसारखा दबतो. काख चुरगळत असेल तर वेट (कुठल्या बोनने मेशचा कुठला भाग किती हलेल ते) रंगवायला घेण्याआधी लूपची दिशा बघा. दिशा चुकलेली असेल तर वेट कितीही रंगवा, घडी चुकीच्याच जागी पडणार.

१०. झेडब्रश वापरत असाल तर

दोष तेच, बटणं वेगळी. टूलमधल्या जॉमेट्रीखाली मेश इंटेग्रिटी आहे. आधी चेक मेश, गडबड निघाली तर फिक्स मेश. डायनामेश हे आपल्या व्हॉक्सेल रिमेशच्या जागी धरा. झेडरीमेशरमधला टार्गेट आकडा हजारांत असतो. ५ म्हणजे सुमारे ५,००० पॉलिगॉन. तिथं ५,००० टाकायला जाऊन गोंधळ होतो. शिफ्ट + एफने जाळी बघा. कापड, कातडी आणि नखं यांना वेगवेगळे पॉलिग्रुप देऊन कीप ग्रुप्स चालू केलंत तर लूप त्या सीमांवर नीट बसतात. आणि सबटूलची प्रत करूनच झेडरीमेशर चालवा, म्हणजे जुन्या प्रतीवरचा तपशील एकेक पातळी वाढवत प्रोजेक्ट ऑलने नव्या मेशवर उतरवता येतो.

११. तपशील नव्या मेशवर उतरवणं

चाचणीत मेश पास झाली की यूव्ही उलगडा (मेशची कातडी सपाट पसरा) आणि नॉर्मल मॅप बेक करा, म्हणजे स्कल्प्टचे बारीक उंचवटे एका चित्रात उतरवा. रेंडर इंजिन सायकल्स हवं. आधी स्कल्प्ट निवडायचं, मग शिफ्ट धरून नवी मेश, आणि सिलेक्टेड टू ॲक्टिव्ह चालू करायचं. क्रम उलटा झाला तर बेक चुकतं.

मटेरियलमध्ये चालू इमेज सापडली नाही असा संदेश आला, तर नव्या मेशच्या मटेरियलमध्ये इमेज टेक्श्चरचा नोड टाका आणि बेक दाबताना तो निवडलेला असू द्या. त्याला कशाशी जोडायची तेव्हा गरज नसते. तो निवडलेला असणं महत्त्वाचं.

नकाशावर विचित्र रंगाचे ठिपके आले तर एक्स्ट्रूजनचा आकडा बघा. तो कमी असेल तर स्कल्प्टचे उंचवटे नव्या मेशच्या बाहेर राहतात. जास्त असेल तर एका बोटाचा तपशील शेजारच्या बोटावर छापला जातो. ०.०१ पासून सुरू करा आणि थोडा थोडा वाढवा. बोटं, काख आणि कानामागची जागा आधी बघा, चूक असली तर तिथंच दिसते.

शेवटी त्या इमेजची कलर स्पेस नॉन-कलर करा आणि इमेज वेगळी सेव्ह करा. बेक झालेला नकाशा ब्लेंडरची फाइल सेव्ह केली म्हणून आपोआप जपला जात नाही. माझा पहिला नकाशा असाच रात्रीत गेला आणि सकाळी पुन्हा कानापासून सुरुवात करावी लागली.